दर्यासिंह कुठला, दर्याघोडा कोण? जुनी इंग्रजी सागरी नावं उलगडताना

जून १७४१. इंग्रज नौदल अधिकारी जॉर्ज अ‍ॅन्सनचं ‘सेंच्युरियन’ जहाज स्कर्व्हीने खंगलेले खलाशी घेऊन दक्षिण पॅसिफिकमधल्या हुआन फर्नांडेझ बेटाला लागलं. या सफरीचा वृत्तांत १७४८ मध्ये लंडनला छापून आला. त्यात बेटावरच्या ‘सी-लायन’ नावाच्या जनावराचं वर्णन आहे. लांबी बारा ते वीस फूट, घेर आठ ते पंधरा फूट, कातडी इंचभर जाड, तिच्याखाली निदान फूटभर चरबी, आणि थोराड जनावराच्या चरबीतून एक ‘बट’ तेल. भाषांतर करणाऱ्याचा हात ‘सी-लायन’ असंच लिहून पुढे सरकतो आणि तिथेच फसतो.

बट म्हणजे १२६ वाइन गॅलन. वाइन गॅलन ३.७८५ लिटरचा. गुणाकार केला की ४७७ लिटर तेल होतं, वजनात ४३० किलोच्या पुढे. आज ज्याला आपण दक्षिण अमेरिकेचा सी-लायन म्हणतो तो नर हाडामांसासकट तोलला तरी ३००-३५० किलोच्या आसपास भरतो. जनावराच्या वजनापेक्षा त्याचं तेल जास्त निघत नाही. मग वर्णनात आणखी खाली जायचं: नराचं नाक वरच्या जबड्याखाली पाच-सहा इंच लोंबतं, मादीला तसं नसतं. संपलं. हा एलिफंट सील, आजचं शास्त्रीय नाव मिरोंगा लिओनिना. त्यातलं ‘लिओनिना’ म्हणजे सिंहासारखा. १७५८ मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने अ‍ॅन्सनच्या वर्णनावरून ते नाव दिलं आणि सोंडवाल्या सीलच्या कपाळी सिंह कायमचा चिकटला.

जुने इंग्रजी प्रवासवृत्तांत आणि जहाजांच्या रोजनिशा मराठीत आणताना प्राण्यांच्या नावांची सूची वेगळी करावी लागते. आम्ही ती कशी करतो आणि कुठे घसरतो, ते इथे मांडतो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. ओळखीचं वाटणारं नाव सर्वांत धोक्याचं. ‘सी-काफ’ किंवा ‘मॉर्स’ वाचल्यावर माणूस शब्दकोश उघडतो, पण ‘सी-लायन’, ‘सी-हॉर्स’, ‘डॉल्फिन’ वाचल्यावर उघडत नाही.

सुरुवात कार्डापासून. कागदी असो वा संगणकातलं, एका उल्लेखाला एक कार्ड. त्यावर नुसतं नाव उतरवायचं नाही, अख्खं वाक्य आणि त्याच्या मागचं-पुढचं एकेक वाक्य उतरवायचं. मग रकाने: नावाची छापील वर्तणी जशीच्या तशी, वर्ष व महिना, अक्षांश किंवा ठिकाण, बोलणारा कोण (देवमाशांचा शिकारी, नौदलाचा अधिकारी, व्यापारी, निसर्गअभ्यासक, की दुसऱ्या भाषेतून भाषांतर करणारा), शरीराची खूण, जनावरापासून काय काढलं, आणि शेवटचा रकाना, तोच लेखक आजूबाजूच्या इतर जनावरांना काय म्हणतो. या शेवटच्या रकान्याला नवखे लोक कंटाळतात, पण निम्मं काम तोच करतो. अ‍ॅन्सनच्या वृत्तांतात सी-लायनच्या शेजारीच ‘सील’ वेगळा सांगितला आहे. एलिफंट सील बाजूला काढल्यावर त्या बेटावर उरतो तो हुआन फर्नांडेझचा फर-सील. म्हणजे ‘सील’ हा साधा शब्दसुद्धा तिथे एका ठरावीक जातीचं नाव होऊन बसतो. त्याच खलाशांनी सीलच्या मांसाला ‘लँब’ आणि सी-लायनच्या मांसाला ‘बीफ’ म्हणायला सुरुवात केली होती, त्यामुळे जेवणाच्या उल्लेखातली कोकरं आणि गुरंही तपासून घ्यावी लागतात.

उल्लेख शोधतानाच एक खड्डा आहे. १८०० च्या आधीच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ उंच, लांबट छापत. दिसायला तो थेट ‘एफ’सारखा, फरक एवढाच की आडवी रेघ दांड्याच्या डावीकडेच अर्धवट असते. स्कॅन केलेलं पान यंत्राने वाचलं की सीलचं ‘फील’ होतं, सी-काफचं ‘फी-काफ’, आणि सी-हॉर्सचं ‘फी-हॉर्फ’. शोधपट्टीत योग्य वर्तणी घालून ‘एकही उल्लेख नाही’ असा निष्कर्ष काढणं ही आमची सुरुवातीची ठरलेली चूक होती. आता प्रत्येक नाव दोन्ही तऱ्हांनी शोधतो. शिवाय जोडरेघेसह, जोडरेघेविना, मध्ये जागा सोडून, आणि शेवटी फुकटचा ‘ई’ लावून. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द तरीही निसटतातच. जिथे जनावरं असण्याची शक्यता आहे ती पानं, म्हणजे बेटावर उतरल्यानंतरची आणि बर्फाला भिडल्यानंतरची, डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही.

तारखेचा रकाना लोक सहज भरतात. तो सहज भरायचा नसतो. इंग्लंडने १७५२ पर्यंत ज्युलियन पंचांग वापरलं, त्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकातली तारीख आपल्या पंचांगापेक्षा दहा दिवस मागे, १७०० नंतरची अकरा दिवस मागे. त्याच काळात त्यांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. फेब्रुवारी १६११ लिहिलं असेल तर आपल्या हिशोबाने बहुधा फेब्रुवारी १६१२. त्यात जहाजाचा दिवस दुपारी बारा ते दुपारी बारा. ब्रिटिश नौदलात ही पद्धत १८०५ पर्यंत चालली. दहा दिवसांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण हार्प सीलच्या पिल्लाच्या अंगावरची पांढरी लव जेमतेम दोन-तीन आठवडे टिकते. पांढरं पिल्लू दिसल्याची नोंद खरी की ऐकीव, हे कधी कधी त्या दहा दिवसांवर ठरतं.

ठिकाणाबाबत अक्षांशावर भरवसा ठेवावा, रेखांशावर नाही. क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावरही अचूक चालणारं घड्याळ, जहाजांवर रुळेपर्यंत रेखांश अंदाजानेच काढत, आणि शून्य कुठून मोजायचं यावरही एकमत नव्हतं. कोणी लंडन धरी, कोणी लिझर्डचं टोक, कोणी कॅनरी बेटांतलं फेरो.

आता जनावराच्या अंगावरच्या खुणा. सीलच्या कुळांत पहिला प्रश्न कानांचा: बाहेर पाळी आहे का? असेल तर तो सी-लायन किंवा फर-सीलच्या कुळातला. दुसरा प्रश्न मागच्या पायांचा: ते पुढे वळवून जनावर जमिनीवर चालतं, की मागे फरफटत पोटावर सरकतं? कानाची पाळी नसलेली सगळी खरी सील पोटावर सरकतात. तिसरा सुळ्यांचा, चौथा नाकाचा, पाचवा लवेचा. अडचण अशी की जुना खलाशी कान क्वचितच सांगतो. तो सांगतो ते तेल किती पिंपं निघालं, कातडं विकलं गेलं का, मांस खाण्याजोगं होतं का. म्हणून त्याच्या मालावरूनच जात ओळखायला शिकावं लागतं. कातड्यांच्या व्यापारात दोनच जाती होत्या, ‘फर-सील’ आणि ‘हेअर-सील’. ज्याच्या राठ केसांखाली मऊ दाट लव ते फर-सील. बाकी सगळे हेअर-सील, मग त्यात कानवाला सी-लायन असो वा बिनकानाचा सील. हेअर-सील या शब्दावरून कुळ काढू पाहणारा हमखास तोंडघशी पडतो.

मापांचंही तसंच. तेलाचा ‘टन’ हा वजनाचा नव्हे, २५२ वाइन गॅलनचा. १८२४ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये ४.५४६ लिटरचा इम्पीरियल गॅलन आणला, अमेरिकेने मात्र जुना ३.७८५ चाच ठेवला. १८३० च्या आसपासच्या तेलाच्या नोंदीत आधी जहाज कोणत्या देशाचं ते पाहायचं.

सी-लायनची गोष्ट मात्र अ‍ॅन्सनपाशी थांबत नाही. कॅप्टन कुक दुसऱ्या सफरीत १७७५ च्या सुरुवातीला दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, स्टेटन बेटाजवळ पोहोचला. तिथल्या जनावरांच्या मानेवर, खांद्यावर लांब केस होते. त्याने स्पष्ट लिहिलं की अ‍ॅन्सनने सी-लायन म्हटलं ते हे नव्हे, आणि खरं तर हे नाव यांनाच शोभतं. आयाळवाला तो दक्षिण अमेरिकी सी-लायन, आजचाही सी-लायन. म्हणजे १७४८ आणि १७७७ या दोन छापील वृत्तांतांच्या मधल्या काळात शब्द एका जनावराच्या पाठीवरून उतरून दुसऱ्याच्या पाठीवर बसू लागला. ‘सी-एलिफंट’ हे नाव मागाहून सोंडवाल्याला मिळालं. पण भाषा एका रात्रीत बदलत नाही, पुढेही काही लेखक अ‍ॅन्सनच्याच अर्थाने लिहीत राहिले. म्हणून नुसत्या वर्षावर निकाल देऊ नये. लेखकाने आधी काय वाचलं होतं तेही पाहावं. अ‍ॅन्सनचा वृत्तांत वाचलेला माणूस दक्षिणेत कुठेही गेला तरी त्याला अ‍ॅन्सनचेच सिंह दिसतात.

‘सी-लेपर्ड’ची गंमत याहून बारीक आहे. ब्रिटिश सील-शिकारी जेम्स वेडेलने दक्षिणेकडच्या सफरीवरचं पुस्तक १८२५ मध्ये छापलं. त्यात साउथ ऑर्कनी बेटांवरच्या ठिपकेदार सीलला त्याने सी-लेपर्ड म्हटलं. आजचा लेपर्ड सील वेगळा. त्याचं शास्त्रीय वर्णन ब्लँव्हीलने १८२० मध्येच केलेलं. वेडेलच्या जनावराला फ्रेंच अभ्यासक लेसाँने १८२६ मध्ये वेडेलचंच नाव दिलं आणि तो वेडेल सील झाला. डोक्यावरून फरक कळतो. वेडेल सीलचं डोकं अंगाच्या मानाने लहान, चेहरा मांजरासारखा. लेपर्ड सीलचं डोकं मोठं, सापासारखं चपटं, जबडा लांब, दाढांना तीन तीन टोकं. तेव्हा १८२०-३० मधल्या मजकुरात नुसते ‘ठिपके’ आले तर निर्णय राखून ठेवायचा, डोकं किंवा दात आले तर द्यायचा.

‘सी-हॉर्स’ हे सूचीतलं सर्वांत जाड पाकीट. उत्तरेच्या बर्फात तो वॉलरस, सीलच्या गोतातलं लांब सुळ्यांचं थोराड जनावर. इंग्रजीतला त्याचा माग फार जुना आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस ओहथेरे नावाच्या नॉर्वेजियन दर्यावर्द्याने आल्फ्रेड राजाला आपल्या सफरीची हकीकत सांगितली, तिच्यात ‘हॉर्सव्हेल’, म्हणजे घोडा-देवमासा, आणि त्याचे दात येतात. पुढे लॅपलंड-फिनलंडकडून ‘मॉर्स’ आला, डचांकडून ‘वॉलरस’ आला. पण शिकारी खलाशाच्या तोंडी एकोणिसाव्या शतकातही सी-हॉर्सच होता. आफ्रिकेत मात्र हाच शब्द हिप्पोला लागतो. गॅम्बिया, काँगो, मोझांबिक असं काही आलं की सी-हॉर्स म्हणजे हिप्पो. मराठीने हिप्पोला नेमकं ‘पाणघोडा’च म्हटलं, आणि बोटभर लांबीच्या त्या उभ्या माशाला ‘समुद्रघोडा’. वॉलरसला घोडा उरलाच नाही.

खरा घोळ होतो तो मालाच्या याद्यांत. ‘सी-हॉर्स टीथ’ अमुक इतके पौंड, एवढंच लिहिलेलं असतं. जहाज रशियाच्या उत्तर किनाऱ्याकडून आलं की वॉलरसचे सुळे, पश्चिम आफ्रिकेकडून आलं की हिप्पोचे. अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत कृत्रिम दातांसाठी वापरलेला ‘सी-हॉर्स’ बहुतेक हिप्पोचाच. वर्णनात आकार दिला असेल तर काम सोपं. हिप्पोचा सुळा कमानीसारखा वळलेला, आडवा कापला तर त्रिकोणी, बाहेर काचेसारखं कडक आवरण. वॉलरसचा लांब, कापला तर लंबगोल, आणि आतला गाभा रवाळ, साबुदाण्याच्या खिचडीसारखा. हस्तिदंताचं काम करणारे हा गाभा पाहूनच ओळखतात.

कुकच्या तिसऱ्या सफरीतला ऑगस्ट १७७८ मधला एक उतारा शिकाऊ माणसाला आवर्जून वाचायला द्यावा. अलास्काच्या उत्तरेला आइसी केपजवळ बर्फावर जनावरांचे कळप दिसले. खलाशांना वाटलं सी-कौ आहेत, ताजं मांस मिळणार. जहाजावर ग्रीनलंडला जाऊन आलेले दोन-तीन जण होते. त्यांनी सांगितलं, हे सी-हॉर्स, आणि हे कोणी खात नाही. तरी संपेपर्यंत तेच खाल्लं. एकाच उताऱ्यात एकाच वॉलरसला दोन नावं, एक आशेने दिलेलं आणि एक अनुभवाने. सूचीत दोन्ही नावांची वेगवेगळी कार्डं करून दोन प्राणी नोंदवले की चूक पक्की.

‘सी-कौ’चे तर पाच मालक. कॅरिबियन आणि पश्चिम आफ्रिकेत मॅनाटी, पाण्यातली वनस्पती खाणारं सुस्त जनावर. हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर तिच्याच गोतातली डुगाँग, आपल्याकडे कच्छचं आखात, मन्नारचं आखात आणि अंदमान-निकोबार इथे अजून तुरळक दिसणारी. कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातात वॉलरस. तिथल्या फ्रेंचांच्या ‘व्हाश मारीन’ची ही सावली, आणि तिथले वॉलरस अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मारून संपवले. दक्षिण आफ्रिकेत पुन्हा हिप्पो, डच ‘झेकू’वरून. पाचवी बेरिंग समुद्रातली स्टेलरची समुद्रगाय, आठेक मीटर लांब, १७४१ मध्ये युरोपीयांच्या नजरेला पडलेली आणि १७६८ पर्यंत नामशेष झालेली. या पाचवीच्या बाबतीत वर्ष हीच कसोटी: १७६८ नंतर कोणी तिथे सी-कौ ‘पाहिली’ असेल तर बहुधा वॉलरस. मॅनाटी आणि डुगाँग यांत शेपूट पाहावं. मॅनाटीचं गोल, उलथन्यासारखं; डुगाँगचं देवमाशासारखं दुभंगलेलं. आणखी एक फसवणूक शास्त्रीय नावांची. आज ‘ट्रायकेकस’ ही मॅनाटीची प्रजाती आहे, पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले लेखक त्याच नावाखाली वॉलरस घालत. तेव्हा लॅटिन नाव दिसलं म्हणून सुटलो असं समजू नये. लॅटिनलाही तारीख असते.

भाषांतरातून आलेली नावं हा वेगळाच वर्ग. स्पॅनिश ‘लोबो मारिनो’, फ्रेंच ‘लू मारँ’ यांचं इंग्रजीत शब्दशः ‘सी-वुल्फ’ होतं, आणि तो सील किंवा सी-लायन असतो. मूळ इंग्रजी मजकुरात मात्र सी-वुल्फ हा राक्षसी दातांचा उत्तर अटलांटिकचा मासाही असू शकतो. १४९४ मध्ये कोलंबसच्या माणसांनी हिस्पॅनियोलाच्या दक्षिणेला आठ ‘समुद्री लांडगे’ मारले, ते कॅरिबियन मंक सील. १९५२ नंतर ती जात कोणी खात्रीने पाहिलेली नाही. ‘सी-डॉग’ तसाच: डच-जर्मनांच्या संगतीने आला तर सील, नाहीतर मुशीच्या जातीचा छोटा शार्क. ‘सी-बेअर’ बेरिंग समुद्रात फर-सील, ग्रीनलंडकडे चक्क पांढरं अस्वल.

‘सी-काफ’, म्हणजे समुद्री वासरू, हा पुस्तकी शब्द, लॅटिन ‘व्हिट्युलस मारिनस’चा थेट उतारा. जो लेखक सील न म्हणता सी-काफ म्हणतो त्याच्या हातात बहुधा लॅटिन ग्रंथ होता, डोळ्यासमोर जनावर नव्हतं. हा आमचा अंदाज आहे, नियम नव्हे, पण पुष्कळदा लागू पडतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात विलापगीताच्या चौथ्या अध्यायात आपल्या पिलांना दूध पाजणारे ‘सी-मॉन्स्टर’ आहेत आणि समासात पर्याय दिला आहे, सी-काफ. आजचे भाषांतरकार तो मूळ हिब्रू शब्द कोल्हा असा घेतात. बायबलच्याच ‘निर्गम’ या पुस्तकातल्या पवित्र तंबूचं कातडं त्याच आवृत्तीत बॅजरचं आहे, १८८५ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत ते सीलचं झालं, आणि डुगाँगचं असावं असं म्हणणारेही आहेत. अशा ग्रंथातल्या जनावराला जात लावायच्या फंदात पडू नये.

इतके ‘सी-हे’ आणि ‘सी-ते’ का? जमिनीवरच्या प्रत्येक जनावराची जोडी समुद्रात असते ही प्राचीन रोमन लेखक प्लिनीच्या काळापासूनची समजूत. इंग्रज लेखक थॉमस ब्राउनने १६४६ मध्ये ती खोडून काढली, पण नावं तोवर रुजली होती. आपल्याला यात नवल वाटायला नको. पाणघोडा, पाणमांजर, पाणकोंबडी, पाणकावळा ही सगळी त्याच घडणीची नावं आहेत. आणि नाव जनावर बदलतं हेही आपल्या घरचंच: हिंदीतला ‘सूंस’ हा गंगेतला डॉल्फिन, मराठीतली ‘सुसर’ मगरीच्या गोतातली.

न्यूफाउंडलंडच्या बर्फावरच्या शिकाऱ्यांची नावं वेगळ्याच रीतीने हाताळावी लागतात. व्हाइटकोट, रॅगेड-जॅकेट, बीटर, बेडलॅमर, हार्प. पहिल्यांदा वाचताना पाच जाती वाटतात. जात एकच, हार्प सील. ही वयाची नावं. पांढऱ्या लवेचं पिल्लू व्हाइटकोट. लव गळून खालची राखाडी दिसू लागली की फाटक्या कोटाचं रॅगेड-जॅकेट. पोहायला लागून उत्तरेची वाट धरली की बीटर, साधारण वर्षभराचं होईपर्यंत. मग वयात येईपर्यंत बेडलॅमर. पाठीवर वीणेसारखा काळा पट्टा उमटला की हार्प. हाच पट्टा कोणाला खोगिरासारखा दिसला, म्हणून ‘सॅडलबॅक’ही तोच. वासरू, कालवड, खोंड, बैल अशा चार जाती कोणी मराठी माणूस मोजत नाही, पण परक्या भाषेत आपण नेमकं हेच करतो. तिथलीच बाकीची नावं पटकन सांगायची तर ‘स्क्वेअर-फ्लिपर’ म्हणजे दाढीवाला सील, ‘फ्लो-रॅट’ म्हणजे छोटा रिंग्ड सील, ‘हॉर्सहेड’ म्हणजे ग्रे सील, ‘ब्लॅडरनोज’ म्हणजे नाकाचा फुगा करणारा हुडेड सील.

दक्षिणेच्या फर-सील शिकाऱ्यांत थोराड नर ‘विग’ आणि मादी ‘क्लॅपमॅच’. हा क्लॅपमॅच शब्द डच ‘क्लापमुट्स’वरून आला, एक प्रकारची टोपी. पण डच-जर्मन शिकारी उत्तरेत तोच शब्द हुडेड सीलला वापरत. जर्मन मूळ असलेल्या इंग्रजी मजकुरात क्लॅपमॅचसारखं काही दिसलं तर आधी गोलार्ध पाहावा. अलास्काच्या प्रिबिलॉफ बेटांवर हीच वर्गवारी रशियन शब्दांत: नर ‘सीकॅच’, मादी ‘मातका’, तरुण नर ‘हॉलुशचिकी’. अमेरिकेने १८६७ मध्ये अलास्का विकत घेतल्यानंतर हे शब्द इंग्रजीत आले. ‘सीकॅच’ ऐकायला इंग्रजी ‘समुद्र’ आणि ‘पकडणे’ वाटतो. आहे रशियन ‘सेकाच’.

देवमाशांकडे थोडक्यात येतो, कारण त्यांच्यावर इतरांनी भरपूर काम केलं आहे. ‘सल्फर-बॉटम’ निळा देवमासा, ‘फिनर’ बहुधा फिन व्हेल, ‘कॉमन व्हेल’ ग्रीनलंडच्या शिकाऱ्याच्या तोंडी बोहेड, ‘सी-युनिकॉर्न’ नारव्हाल, ‘पफिंग पिग’ आणि ‘सी-हॉग’ पॉरपॉइज. ‘डेव्हिलफिश’ कॅलिफोर्नियात करडा देवमासा, इतरत्र मोठा पाकट किंवा ऑक्टोपस. ‘बेलुगा’ उत्तरेत पांढरा देवमासा, कॅस्पियनकडे स्टर्जन मासा. ‘ग्रॅम्पस’पाशी मात्र आम्ही हात टेकतो. जुन्या फ्रेंचमधल्या ‘जाड मासा’ या अर्थाच्या शब्दावरून आलेलं हे नाव ओर्का, पायलट व्हेल, रिसोचा डॉल्फिन अशा कोणालाही लागतं. पाठीचा पर माणसाएवढा उंच लिहिला असेल तर ओर्का. नाहीतर ‘मोठा, दातवाला, देवमाशाच्या गोतातला’ इतकंच लिहून सोडतो. ‘डॉल्फिन’ मात्र सुटतो. गळाला लागला, उडत्या माशांमागे धावला, मरताना अंगाचे रंग बदलले, तर तो डॉल्फिन नव्हेच, आज माही-माही म्हणून ताटात येतो तो मासा. आपला डॉल्फिन त्या खलाशाच्या लेखी ‘पॉरपॉइज’, आणि त्याला तो हार्पूनने मारतो.

जात ठरली की मराठीत लिहायचं काय, हा उरलेला प्रश्न. मजकुरात थेट ‘एलिफंट सील’ लिहिलं तर अ‍ॅन्सनला दिसलेला सिंह मरतो. ‘सी-लायन’ ठेवलं तर वाचक फसतो. आम्ही जुन्या नावांना ‘दर्या’ जोडायचं ठरवलं: दर्यासिंह, दर्याघोडा, दर्यागाय, दर्यावासरू. ‘समुद्र’ आणि ‘पाण’ ही उपपदं आजच्या नावांसाठी राखलेली. दर्या दिसला की वाचकाला कळतं, हे खलाशाचं नाव आहे. पहिल्या उल्लेखाला तळटीपेत आजची जात येते. तिच्यापुढे तीनपैकी एक खूण: नक्की, बहुधा, सांगता येत नाही. तिसरी खूण वापरायला संपादक नाखूश असतात, पण ती काढून टाकली की पहिल्या दोन खुणांनाही किंमत राहत नाही.

या तिसऱ्या खुणेचं एक कार्ड कायम वर असतं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला मॅक्वारी बेट १८१० मध्ये सापडलं. शिकारी लगोलग पोहोचले आणि तिथल्या फर-सीलची इतकी कत्तल झाली की दोन दशकांच्या आत तिथे त्यांचा मागमूस उरला नाही. त्यांच्या बोलण्यात तो ‘अपलँड सील’. आज त्या बेटावर दिसणारे फर-सील नंतर बाहेरून येऊन वसलेले आहेत, त्यांच्यावरून मागचं सांगता येत नाही. कातडी विकली गेली, हाडांकडे तेव्हा कोणी पाहिलं नाही. कार्डावर नाव आहे, ठिकाण आहे, वर्षं आहेत, मालाचा रकानाही भरलेला आहे. जातीच्या रकान्यात आडवी रेघ.